आम्हांस टोळ कोणी म्हटले?

शास्त्रपाठ : गणना, अध्याय 13 व 14



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देत असता एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते. ते असे : "आमच्यासारख्यांकडून काय होणार?" हे वाक्य कधी पंचायतीच्या कामाविषयी निघते, कधी मुलांच्या शिक्षणाविषयी, तर कधी प्रभूच्या सेवेविषयी. वाक्य लहान आहे. परंतु त्याने जितकी दारे लाविली आहेत, तितकी कोणत्याही शत्रूने लाविली नसतील.

एकदा एका मंडळीत सायंप्रार्थनेच्या वेळी आम्ही एका बाईंस प्रार्थना चालविण्याविषयी विनविले. बाई चाळिशीच्या होत्या. नवऱ्याच्या पश्चात दोन एकर जिराईत जमीन कसून त्यांनी तीन लेकरे वाढविली होती. बचतगटाचा सगळा हिशेब त्यांस तोंडपाठ असे आणि बँकेतल्या साहेबांपुढे उभे राहून आपल्या गटाचे म्हणणे त्या निर्भीडपणे मांडीत. परंतु प्रार्थनेचे नाव काढताच त्यांनी पदर सावरला, मान खाली घातली आणि म्हटले, "साहेब, आमच्या तोंडून नीट शब्द निघायचे नाहीत. आम्ही अडाणी माणसं. दुसऱ्या कुणाला तरी सांगा." शेजारी बसलेले एक वडील म्हणाले, "बाई फार नम्र आहेत." आम्हीही त्या वेळी तसेच समजलो. मात्र रात्री घरी परतताना आमच्या मनास टोचणी लागली. बँकेच्या साहेबापुढे जिची जीभ अडखळत नाही, तिची जीभ स्वर्गीय पित्यापुढे का अडखळावी? ही नम्रता आहे, की नम्रतेची शाल पांघरून आलेले दुसरेच काही आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधीत असता आम्हांस गणनेच्या पुस्तकातील हेरांचा वृत्तांत आठवला. आज त्याचाच विचार करू.

वृत्तांत आपणांस ठाऊक आहे. मोशेने बारा वंशांतून बारा सरदार निवडून कनान देश हेरण्यास पाठविले. ते चाळीस दिवस देशात फिरले. अष्कोल खोऱ्यातून त्यांनी द्राक्षांचा एक घोस आणिला. तो इतका मोठा होता की, दोघांस तो काठीवर घालून वाहावा लागला. परत आल्यावर बाराही जणांनी एकमुखाने सांगितले की, देश सुपीक आहे. पुढे मात्र त्यांच्यांत फूट पडली. कालेब म्हणाला की, आपण जाऊन तो देश घेण्यास समर्थ आहो, आणि यहोशवाही त्याच्या बाजूस उभा राहिला. उरलेल्या दहा जणांनी सांगितले की, तेथील लोक धिप्पाड आहेत, त्यांच्यापुढे आपण स्वतःस टोळांएवढे वाटलो आणि त्यांसही तसेच दिसलो असू.

ह्या दहा जणांच्या बोलण्याची नीट तपासणी करू या.

पहिली गोष्ट ही की, त्यांस टोळ कोणी म्हटले? अनाकवंशीयांनी म्हटले, असा उल्लेख कोठेही नाही. हेरांची व त्यांची गाठ पडली, बोलणे झाले, त्यांनी ह्यांस हिणविले, असे शास्त्र सांगत नाही. हे नाव हेरांनी स्वतःच स्वतःस ठेविले आणि मग तेच नाव शत्रूच्या तोंडी घातले. मनुष्याचे मन असेच चालते. आधी ते आतल्या आत निकाल देते आणि मग म्हणते की, सगळे जग मजविषयी असेच बोलत आहे.

वस्तुस्थिती काय होती, हे चाळीस वर्षांनी उघडकीस आले. यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहोतील राहाब दोन नव्या हेरांस आपल्या घराच्या धाब्यावर लपविते आणि आपल्या लोकांच्या मनातील गोष्ट त्यांस सांगते. देवाने तांबड्या समुद्राचे पाणी आटविले, हे ऐकल्यापासून आमच्या लोकांचे धैर्य गळाले आहे, असे ती म्हणते. बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. तांबड्या समुद्राची गोष्ट पहिल्या हेरांच्या पूर्वीची होती. ज्यांस पाहून इस्राएल थरथर कापत होता, त्या देशाचे लोक इस्राएलाच्या देवाची वार्ता ऐकून आधीच घाबरलेले होते! अशा रीतीने भयभीत झालेल्यांच्या भयाने इस्राएलाने चाळीस वर्षे रानात काढिली. शत्रूने त्यांस अडविले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या तोंडच्या शब्दाने अडविले होते.

दुसरी गोष्ट ही की, ही भाषा त्यांच्या तोंडी आली कोठून? हे लोक मिसरातून आले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी विटा पाडल्या होत्या आणि मुकादमांचे फटके खाल्ले होते. ज्यास रात्रंदिवस "तू कोणी नव्हेस" असे ऐकावे लागते, त्यास मुकादमाची गरज पुढे पुढे राहत नाही. तो आपला मुकादम आपल्याच मनात बाळगतो. इस्राएल एका रात्रीत मिसरातून निघाला, परंतु मिसर इस्राएलातून निघावयास एक पिढी लागली.

ह्या ठिकाणी आम्ही आपल्या मंडळ्यांविषयी स्पष्ट बोलल्यावाचून राहू शकत नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे गावाबाहेरच्या वस्तीत राहत. त्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत. गावच्या विहिरीवर त्यांस पाणी नव्हते आणि शाळेच्या ओसरीवर जागा नव्हती. 1950 साली अमलात आलेल्या भारताच्या राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याने ती पाटी पुसली, हे देवाचे मोठे उपकार. परंतु मनाच्या पाटीवर पिढ्यांपूर्वी गिरविलेली अक्षरे अद्याप पुरती पुसली गेली नाहीत. "आमच्यासारख्यांकडून काय होणार?" हे वाक्य आपले नव्हे. ते दुसऱ्यांनी आपल्या वाडवडिलांच्या तोंडी घातले आणि आपण ते वारशाने घेतले. असा वारसा परत करण्यास कोणाचीही परवानगी नको.

तो परत करणारे आपल्याच मातीत होऊन गेले आहेत. 1855 साली 'ज्ञानोदय' पत्रात मांग व महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध छापला गेला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातील एक अल्पवयीन मुलगी होती आणि जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यातील शाळेत ती शिकत होती. तिच्या जातीच्या मुलीने अक्षर गिरविणे हेच जेथे पाप मानिले जाई, तेथे तिने लेखणी उचलिली आणि आपल्या लोकांवर झालेला जुलूम नावानिशी मांडिला. "माझ्यासारख्या पोरीने काय लिहावे?" असा प्रश्न तिच्या मनात आलाच नसेल, असे आम्ही म्हणत नाही. आला असेलही, परंतु तिने त्याची आज्ञा पाळली नाही.

तिसरी गोष्ट ही की, अशी भाषा एकाच्या मनात राहत नाही. दहा हेर बोलले आणि त्या रात्री सगळी छावणी रडली. दहांच्या भयाने लाखोंस घेरिले. ज्यांच्यासाठी ते भीत होते, ती त्यांची मुलेबाळे बापांच्या त्या शब्दापायी रानात मेंढरे चारीत लहानाची मोठी झाली. आईबापांनो, आपण आपल्या मनाशी जे बोलतो, ते चुलीजवळ बसलेले लेकरू ऐकत असते. "आपल्या घराण्यात कोणाचे डोके चालत नाही," असे बाप सहज बोलून जातो. बापास वाटते, आपण आपल्याविषयी बोललो. परंतु गणिताची वही पुढे घेऊन बसलेला मुलगा ते आपलेच भविष्य समजतो आणि वही मिटतो.

आता कोणी विचारील, "पाळकसाहेब, मग प्रभूने नम्रता शिकविली ती कशाला?" प्रश्न योग्य आहे. नम्रता आणि आत्मनिंदा ह्या दिसण्यात सारख्या, परंतु कुळाने निराळ्या. त्यांची पारख मत्तयाच्या 25 व्या अध्यायातील दाखल्यात आहे. धन्याने एका दासास पाच, दुसऱ्यास दोन आणि तिसऱ्यास एक तालांत दिला. एकच मिळाला म्हणून त्या तिसऱ्याची आपण कीव करितो. परंतु तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही त्या काळी दिवसाची मजुरी, हे मत्तयाच्या 20 व्या अध्यायावरून कळते. वर्षास तीनशे दिवस काम धरिले, तर एक तालांत ही वीस वर्षांची मजुरी होय! ज्यास सर्वांत कमी मिळाले, त्याच्या हाती वीस वर्षांची कमाई होती. आणि ती त्याने भीतीने भुईत पुरून टाकिली. धन्याने त्यास नम्र म्हटले नाही; दुष्ट आणि आळशी म्हटले. नम्र मनुष्य म्हणतो, "माझ्याजवळ जे आहे ते देवाचे आहे," आणि म्हणून ते कामी लावितो. आत्मनिंदा करणारा म्हणतो, "माझ्याजवळ काहीच नाही," आणि देणाऱ्यास खोटे पाडितो. नम्र मनुष्याचे डोळे देवाकडे लागलेले असतात. आत्मनिंदकाचे डोळे, गर्विष्ठाप्रमाणेच, दिवसभर स्वतःवर खिळलेले असतात.

दुसऱ्या बाजूचा धोकाही आम्ही झाकून ठेवीत नाही. तोही ह्याच वृत्तांतात आहे. देवाने शिक्षा सुनावल्यावर दुसऱ्या दिवशी हेच लोक पहाटे उठले आणि म्हणाले, आता आम्ही जातो. मोशेने त्यांस परोपरीने वारिले. परमेश्वर तुमच्यामध्ये नाही, असे सांगितले. तरी ते डोंगरावर चढलेच, आणि अमालेकी व कनानी ह्यांनी त्यांस हर्मापर्यंत मारीत नेले. काल जे टोळ होते, ते आज सिंह झाले. परंतु दोन्ही दिवशी त्यांच्या हिशेबात देव नव्हता. आजकाल "मी करू शकतो, मी करू शकतो" असे आरशापुढे घोकावयास सांगणारे पुष्कळ भेटतात. नुसत्या घोकण्याने धीर येत असता तर हर्मा येथे पराभव झाला नसता. ख्रिस्ती मनुष्याचा आत्मविश्वास म्हणजे ज्याने हाक मारिली तो चुकत नाही, हा विश्वास. गिदोन आपल्या घराण्यास मनश्शेत सर्वांत दुबळे आणि स्वतःस घरात सर्वांत लहान म्हणाला. देवाने त्याच्याशी वाद घातला नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच सांगितले. त्याचे घराणे दुबळे असेलही. परंतु त्याच्या हिशेबात एक आकडा राहिला होता.

तर मग करावे काय? सेवेतील अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

एक : मनाचे बोलणे निमूटपणे ऐकून घेऊ नका, त्यास जाब विचारा. 42 व्या स्तोत्राचा कर्ता हेच करितो. आपल्या जिवास तो विचारितो की, तू असा खिन्न का झालास? आणि मग त्यास देवाची आशा धरावयास सांगतो. त्याचा जीव बोलत होता तोवर तो रडत होता. तो स्वतः जिवाशी बोलू लागला तेव्हा त्यास वाट दिसू लागली. विसाव्या शतकात अॅरन बेक (1921–2021) ह्या अमेरिकन डॉक्टरांनी खिन्नतेने ग्रासलेल्या रोग्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकिले. स्वतःविषयी, जगाविषयी व पुढील काळाविषयी वाईट विचार त्यांच्या मनात आपोआप येत राहतात, असे त्यांस आढळले. हे विचार ओळखावे, कागदावर मांडावे आणि पुराव्याशी ताडून पाहावे, अशी उपचाराची रीत त्यांनी 1960 नंतरच्या दशकात घालून दिली. ह्या रीतीचा उपयोग आपणही करावा. ज्यास लिहिता येते त्याने लिहावे. ज्यास येत नाही त्याने विश्वासू मित्रास सांगावे.

दोन : घडलेली गोष्ट आणि मनाने दिलेला निकाल ह्यांस वेगळे करा. नगरे तटबंदीची होती, ही घडलेली गोष्ट; आपण टोळ आहो, हा निकाल. येथे आमची स्वतःची फजिती सांगतो. आम्ही सेमिनरीत शिकत असता एका खेड्यात उपदेश करावयास गेलो. विषय सारफथ येथील विधवेचा होता. मडक्यात मूठभर पीठ उरले आहे, येथवर आलो आणि पुढचे सारे विसरलो. जीभ टाळूस चिकटली. कसेबसे आशीर्वचन म्हणून खाली बसलो. "तू ह्या कामाचा नव्हेस," असा निकाल मनाने तेथेच दिला, आणि पुढे चार महिने काही ना काही निमित्त काढून आम्ही उपदेशाची पाळी टाळिली. नंतर त्याच गावी एका अंत्यविधीस जाणे झाले. तेथे एका म्हाताऱ्या आजींनी आमचा हात धरून विचारिले, "लेकरा, त्या बाईच्या पिठाचं पुढं काय झालं रं? मी वाट बघत हुते." आम्ही चार महिने ज्यास सपशेल फजिती म्हणत होतो, ती त्या माउलीस अर्धी राहिलेली गोष्ट वाटत होती! आम्ही तेथेच, त्यांच्या ओट्यावर बसून, उरलेला उपदेश पुरा केला. विसरलो ही गोष्ट खरी होती. दिलेला निकाल मात्र खोटा होता.

तीन : लहान कामापासून आरंभ करा आणि ते सोडू नका. लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) ह्यांचे अकराव्या-बाराव्या वर्षीच लग्न झाले. शाळेचे शिक्षण त्यांस मिळाले नाही. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांजकडून त्या लिहावाचावयास शिकल्या. 1919 साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. एवढ्या मोठ्या कवीचे काम हाती घेण्यास मी कोण, असे म्हणून ती वही त्यांस सहज मिटता आली असती. त्यांनी ते काव्य पूर्ण केले. पुढे वयाच्या साठीनंतर त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. ती आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणिली जातात. अक्षरास अक्षर जोडीत त्या येथवर आल्या.

चार : जे आजारी आहेत त्यांस बोल लावू नका. 1 राजे, 19 व्या अध्यायात एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्यास विश्वास उणा म्हणून दटाविले नाही. आधी त्यास झोपू दिले, मग भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले, बोलणे त्यानंतर. आपल्या मंडळीत कोणी आठवडेच्या आठवडे खिन्न असेल, जेवीत-झोपीत नसेल, जगून काय उपयोग असे बोलत असेल, तर त्यास उपदेशाच्या ओझ्याखाली दडपू नका. त्याच्याजवळ बसा, त्यास एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारने 2022 सालच्या ऑक्टोबरात टेलि-मानस नावाची मोफत सेवा सुरू केली आहे. 14416 ह्या क्रमांकावर फोन करून मनाच्या दुखण्याविषयी सल्ला घेता येतो. परीक्षेत नापास झालेला मुलगा आणि कर्जाने वाकलेला शेतकरी ह्यांच्या घरांत हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे. एलीयास दिलेली भाकर ज्या देवाची, औषधही त्याच देवाचे.

मंडळीच्या वडिलांस एक विनंती. जो स्वतःस टोळ म्हणतो, त्यास "नम्र" म्हणून तेथेच बसवून ठेवू नका. आम्ही त्या बाईंच्या बाबतीत तीच चूक केली होती. काही महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या मंडळीत गेलो. ह्या खेपेस आम्ही "प्रार्थना चालवा" असे म्हटले नाही. आम्ही म्हटले, "बाई, गटाच्या सभेत जशी अडचण सांगता, तशी देवाला एक अडचण सांगा." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग चार वाक्ये बोलल्या. शेजारणीच्या आजारी सुनेसाठी नाव घेऊन मागितले, पावसासाठी मागितले आणि थांबल्या. अलंकार एकही नव्हता. परंतु मागे बसलेल्या दोन बायकांनी डोळे पुसले, आणि पुढच्या बैठकीत त्यांपैकी एकीने आपण होऊन प्रार्थना केली. हेरांचे भय जसे एकाकडून दुसऱ्याकडे गेले, तसे धैर्यही जाते.

शेवटी कालेबाकडे पाहू. हेरगिरीच्या वेळी तो चाळीस वर्षांचा होता. दहा जणांच्या शब्दापायी त्यासही रानात फिरावे लागले. पंचेचाळीस वर्षांनी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, तो यहोशवापुढे उभा राहिला आणि त्याने वतन मागितले. कोणते? नदीकाठची सपाट जमीन नव्हे. ज्या डोंगरी मुलुखात अनाकवंशी राहत, तोच त्याने मागितला. त्यास हेब्रोन मिळाले आणि अनाकाच्या तिन्ही पुत्रांस त्याने तेथून घालवून दिले. जेथे दहा जणांनी स्वतःस टोळ म्हणविले, तेथेच कालेबाचे घर झाले.

प्रिय जनहो, तुमचे हेब्रोन कोणते? सोडून दिलेली शाळा असेल, न मागितलेली क्षमा असेल, मंडळीतील टाळलेली सेवा असेल. ह्या आठवड्यात त्या दिशेने एक पाऊल टाका. मन म्हणेल, तू टोळ आहेस. त्यास विचारा, असे कोणी म्हटले? ज्याने तुम्हांस निर्माण केले आणि ज्याच्या पुत्राने तुमच्यासाठी आपला प्राण दिला, त्याने तर असे कधीच म्हटले नाही.

हे दयाळू पित्या, आम्ही स्वतःस ठेविलेली नावे तू पुसून टाक आणि तू ठेविलेले नाव ऐकावयास आमचे कान उघड. जे आज खिन्न आहेत त्यांस विसावा दे, भाकर दे आणि सोबत दे. आमच्या लेकरांच्या कानी आमच्या मुखातून धैर्याचे शब्द पडोत. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.